पाणी आटल्यावर काय, तेही पाककृतीत छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील पाककृतींबाबत एक सूचना आहे. साहित्य, प्रमाण, कृती सगळे नीट दिलेले असते. पण "मंद आचेवर शिजू द्या" एवढे लिहून कृती पुढे सरकते. त्या वेळात शेगडीजवळ थांबायचे की दुसरे काम उरकता येईल, हे कुठेच नसते. भांडी करपतात ती नेमकी तेव्हाच.

भांड्यात पाणी आहे तोवर गॅस कितीही मोठा केला तरी आतला पदार्थ १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, कारण सगळी उष्णता वाफ करण्यात खर्ची पडते. पाणी संपले की तीच उष्णता बुडाला लागते आणि काही मिनिटांत भांडे हाताबाहेर जाते. पितळी पातेल्याची कल्हई कथलाची असते आणि कथील २३२ अंशांना वितळते. कोरडे तापलेले पातेले आतून डागाळले, पितळ दिसू लागले, की नव्याने कल्हई करेपर्यंत त्यात ताक किंवा चिंचेची आमटी मुळीच ठेवू नये. नॉनस्टिकचा लेप २६० अंशांपुढे खराब होऊ लागतो. तो आणखी तापला तर त्याच्या धुराने माणसाला तापासारखे आजारपण येते आणि पिंजऱ्यातला पोपट तर मरूही शकतो. ज्यांच्या घरी पक्षी आहे त्यांनी रिकामा नॉनस्टिक तवा गॅसवर ठेवून खोलीबाहेर जाऊच नये.

पाणी किती वेळ पुरते, हे प्रत्येकाने आपल्या शेगडीवर एकदा मोजून ठेवावे. रोजच्या पातेल्यात अर्धा लिटर पाणी घ्यावे, झाकण न ठेवता उकळी आणावी आणि तिथून पाव लिटर उरेपर्यंतची मिनिटे मोजावीत. एकदा मोठ्या आचेवर, एकदा बारीक आचेवर. भांडे पसरट असेल तर वेळ वेगळा येतो. हा आकडा माहीत असला की बटाटे किंवा अंडी उकडायला ठेवताना मोबाइलवर गजर त्याच्या आतच लावता येतो. पाणी संपलेल्या पातेल्यात अंडी फुटून उडतात.

तूप कढवताना हेच कानांनी कळते. लोण्यात पाणी आहे तोवर तडतड चालू असते. ती मंदावली, फेस बसला, की पाणी सरले असे समजावे. त्यानंतर तापमान झपाट्याने चढते आणि बेरी बदामीची काळी व्हायला वेळ लागत नाही. पहिली वीस मिनिटे एक वेळ मागेपुढे झाली तर चालते, शेवटची पाच मात्र शेगडीसमोरच काढावी लागतात. गुळाच्या पाकाचेही तसेच. थेंब पाण्यात टाकला आणि गोळी झाली की लगेच गॅस बंद. जरा उशीर झाला तर पाक कडू होतो. आपल्या बडोद्यात उत्तरायणाला सगळे घर गच्चीवर आणि खाली शेगडीवर पाक किंवा उंधियू, असे घरोघर असते. त्या दिवशी खाली कोण थांबणार हे आधीच ठरवावे.

दुधात धोका वेगळा आहे. वर साय धरते, तिच्याखाली वाफ कोंडते आणि फेस सायीला उचलून काठाबाहेर नेतो. भांडे दोन तृतीयांशाहून जास्त भरू नये. वर आडवा ठेवलेला लाकडी चमचा थोडा वेळ फेस मोडतो, पण त्याच्या भरवशावर जाऊ नये. दूध कुकरची शिट्टीही दुहेरी भिंतीतल्या पाण्यावर वाजते. ते पाणी आटले की शिट्टी गप्प होते आणि आपण समजतो की दूध अजून तापलेच नाही.

उतू गेलेल्या दुधापेक्षा विझलेली आच जास्त घातक. आपल्याकडच्या बहुतेक साध्या शेगड्यांत ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय नसते. शहरात काही घरी सिलिंडर आहे, काही घरी नळाचा गॅस, आणि दोन्ही वेगळे वागतात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून बाहेर उघडणारे दारही उघडावे. नळाचा गॅस हलका, छताकडे जातो. त्याला वरची खिडकी, झरोका लागतो. वास आला तर शेगडीची बटणे आणि रेग्युलेटर किंवा मीटरजवळचा कॉक बंद करावा. विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चालू असलेले बंदसुद्धा करू नये, आणि एक्झॉस्ट फॅन तर नाहीच. बाहेर पडून मगच फोन करावा. सिलिंडरसाठी १९०६, नळाच्या गॅसचा तातडीचा क्रमांक बिलावर असतो.

कुकरची शिट्टी थांबून करपल्याचा वास आला तर गॅस बंद करून तो तसाच निवू द्यावा. तापलेल्या कोरड्या कुकरवर गार पाणी ओतले तर बूड वाकते. सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला असेल तर त्याच कंपनीचा नवा बसवल्याशिवाय कुकर वापरू नये, आणि गॅस्केटही तपासावे.

कढईतल्या तेलातून धूर निघू लागला की ताबडतोब गॅस बंद. साधारण ३५० अंशांच्या आसपास तेल स्वतःहून पेटते. पेटलेल्या तेलावर पाणी कधीही नाही: पाण्याची वाफ त्याच्या सुमारे १७०० पट जागा घेते आणि जळते तेल चहूकडे उडवते. गॅस बंद करून कढईवर धातूचे सपाट झाकण बाजूने सरकवत घालावे, पुरते निवेपर्यंत उघडू नये आणि कढई उचलून नेऊ नये.

तेव्हा प्रत्येक कृतीखाली दोन ओळी वाढवाव्यात: कोणत्या टप्प्यावर शेगडीजवळून हलायचे नाही आणि दिलेल्या पाण्यात पदार्थ किती वेळ राहू शकतो. उत्तरायणाआधीच्या पुरवणीत तिळाच्या वड्या असतातच. सुरुवात त्या कृतीपासून करता येईल.

कळावे,
एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे