आंब्यांची वाट बघू नका

दापोली
माघ शुद्ध पंचमी

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आंबे झाले की मेमध्ये येतो." माझं ऐका, मेमध्ये नको. महाशिवरात्रीला या आणि चांगले आठ दिवस राहा.

मेमध्ये इथे घामाच्या धारा लागतात, किनाऱ्यावर गाड्यांची रांग असते आणि दहा वाजता वाळूवर पाय ठेववत नाही. आत्ता पहाटे गोधडी लागते. दुपारी ऊन चढतं, पण चारनंतर समुद्रावरून वारा सुटला की घरात बसवत नाही.

महाशिवरात्रच का, ते तुमच्या पंचांगात आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा इथला जुना हिशोब. चतुर्दशी म्हणजे 14, त्याची पाऊणपट साडेदहा. साडेदहाच्या सुमाराला भरती, म्हणजे सहा तासांनी, साडेचारच्या आसपास पूर्ण ओहोटी. त्यात अमावास्या लागून, म्हणून उधाण. पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली उतरतं आणि ऐन संध्याकाळी मुरूड-कर्द्याची पुळण रुंद, ओली, घट्ट मिळते. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि गुडघे बोलतात. या वाळूत काठीसुद्धा आत जात नाही, मी टेकवून पाहिली आहे. अष्टमीला आलात तर हीच ओहोटी भर दुपारी बाराला, काय उपयोग?

त्या ओल्या वाळूवर बारीक खेकडे बिळातून निघतात, वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाणं काढतात आणि उरलेल्या वाळूची साबुदाण्याएवढी गोळी करून मागे टाकतात. बिळाभोवती अशा शेकडो गोळ्यांची नक्षी होते. भरती ती पुसते, पुढच्या ओहोटीला ते परत कामाला लागतात. आई, तू रांगोळी काढतेस म्हणून तुला हे दाखवायची मला फार घाई झाली आहे. पाण्याच्या कडेला कुरव पक्षीही आहेत. थंडीपुरते आलेले, उन्हाळा लागला की निघून जातात. मेमध्ये एकही दिसणार नाही.

आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपून ठेवतात. एका घरट्यात शंभरेक अंडी, पिल्लं निघायला पन्नासेक दिवस. पिल्लं पाण्यापासून थोडी लांबच सोडतात, म्हणजे ती आपली आपण चालत समुद्रात जातात. आपण असू त्या दिवशी निघतीलच असं नाही, पण सकाळी जाऊन बघू. मी खुर्ची घेऊन ठेवली आहे, बाबांना उभं राहावं लागणार नाही.

आणि आई, मुरूड हे महर्षी कर्व्यांचं गाव. तुझ्या पदवीवर ज्या एसएनडीटी महिला विद्यापीठाचं नाव आहे, ते 1916 साली त्यांनी काढलं. परीक्षेला बसायला ते इथून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. तू त्या गावात आलीच पाहिजेस, असं मला पहिल्या दिवसापासून वाटतंय.

खाण्याचं म्हणाल तर ओले काजू आलेत. चिकाने हात भाजतात, म्हणून सोललेलेच आणते. उपवास सुटला की पहिल्या दिवशी उसळ त्याचीच. बाबांच्या सुरमईसाठी हर्णैच्या लिलावाला संध्याकाळी जाऊ, समोर पाण्यात सुवर्णदुर्गही दिसेल. आंब्यांची पेटी मेमध्ये मी पुण्याला पाठवीनच, त्यासाठी तुम्हाला उन्हात यायला नको.

घर तळमजल्यावर आहे, कमोड आहे, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत. ताम्हिणीतून माणगाव, आंबेत, मंडणगड अशी गाडी मी ठरवते. घाटात आईला पुढे बसवा. बाबांच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या बांधा, कारण आठ दिवसांनी मी सोडेन असं वाटत नाही. रविवारपर्यंत हो म्हणून कळवा, म्हणजे मी रजा टाकते.

तुमची,
मनू