बैलांशी बोलता तसं स्वतःशी बोला, बाबा

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं जमलं नसतं. आई फोन स्पीकरवर टाकते, ओसरीत कोणी ना कोणी बसलेलं असतंच, आणि बाबा, चारचौघांत तुम्ही "बरं आहे, बरं आहे" याच्या पुढे जात नाही. म्हणून कागद घेतला. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव. बाबांचा चष्मा वेळेवर सापडणार नाही.

गुडघ्याची वाटी बदलली, ते काम डॉक्टरांनी चोख केलं. टाके सुकले, सूज उतरली, एक्स-रे चांगला आहे. आता राहिला तो व्यायाम, आणि तिथंच बैलबंडी अडली आहे. आई सांगते, सकाळी पाय जरासा वाकवता न वाकवता तोच बाजेवर आडवे होता. आणि वरून म्हणता, "आता आपली उलंगवाडी झाली, कायले जोर करतं?" मी म्हणणार होते की उलंगवाडी झाली, कापसाचा हंगाम संपला, तरी लोक त्याच झाडांवर पुन्हा कापूस, म्हणजे फरदड, घेतात. पण तुम्ही लगेच सांगाल की फरदडीनं गुलाबी बोंडअळी वाढते, आणि ते खरंच आहे. म्हणून ते राहू द्या.

आम्हाला जे म्हणता त्याचं मला काही वाटत नाही. एकटे असताना स्वतःला जे म्हणता, त्याचं वाटतं. दिवाळीत घरी होते तेव्हा कानावर पडलं. उठताना तोल गेला, तुम्ही भिंत धरली आणि दात खाऊन म्हणालात, "बेकार झाला तू. कोन्या कामाचा नाही राहिला." बाबा, आपल्या बैलांना, बांड्याला किंवा चांद्याला, तुम्ही असं बोललेलं मी जन्मात ऐकलं नाही. पावसाळ्यात नाल्यापाशी बंडी फसायची तेव्हा बैलाला टोचायची तुतारी जागेवरच राहायची. तुम्ही खाली उतरायचात, बांड्याच्या पाठीवर हात ठेवायचात आणि म्हणायचात, "चाल बाबू, त्या बाभळीलोक. हां, अस्सं." पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे मळताना "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणणारा माणूस स्वतःलाच इतकं तोडून बोलतो, हे माझ्या गळी उतरत नाही.

आणि बैलाला तुम्ही काय म्हणायचात ते पाहा. "तू साऱ्या पंचक्रोशीत भारी बैल आहेस" असं कधी नाही. कुठं जायचं, कुठवर जायचं, आणि पाऊल बरोबर पडलं की "अस्सं". बस. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकत असताना क्रीडा मानसशास्त्राच्या पेपरला मी जे घोकलं, ते बरंचसं हेच होतं. ग्रीसमधल्या अभ्यासकांनी २०११ मध्ये खेळाडूंच्या स्वतःशी बोलण्यावरचे ३२ अभ्यास एकत्र करून पाहिले. स्वतःशी बोलण्यानं खेळ सुधारतो, असं त्यातून दिसलं. पण जिथं बारीक, नेमकी हालचाल करायची असते, तिथं "मी जिंकणार" यापेक्षा "कोपर वर, नजर चेंडूवर" असलं सूचनेचं बोलणं जास्त कामी येतं.

शाळेच्या कबड्डीच्या पोरींवर मी हे रोज पाहते. चढाईला जाणाऱ्या पोरीकडे ३० सेकंद असतात, आणि त्यातही तोंडानं "कबड्डी कबड्डी" चालूच ठेवायचं असतं. डोक्यात "मी वाघीण आहे" घेऊन गेलेली पोर समोरच्या साखळीत अडकते. "कंबर खाली, निदान रेषा, माघारी" (निदान रेषा म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते ती) एवढंच घेऊन गेलेली निदान परत तरी येते. मध्यंतरी शाळेत एक वक्ते आले होते, प्रेरणा द्यायला. सगळ्या पोरींना उभं करून "मी सर्वश्रेष्ठ आहे" असं छातीवर हात मारून ओरडायला लावलं. पोरी खूप हसल्या. माझ्या मते तेवढाच त्याचा फायदा.

आई, आता तुझ्याकडे येते. तू बाबांना दिवसभर म्हणतेस, "सगळं चांगलं होते, मनात वाईट आणू नका." तुझा जीव मला कळतो. पण त्यावर बाबा आणखीच चिडतात, आणि त्यात नुसता त्यांचा स्वभाव नाही. फ्रान्समध्ये एमिल कुए नावाचे औषधं विकणारे गृहस्थ होते (१८५७–१९२६). ते लोकांना सांगायचे की रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना "दिवसेंदिवस सगळ्या बाबतींत माझं बरं होत चाललं आहे" असं २० वेळा म्हणा. मोजायला २० गाठींची दोरी ठेवायची. शंभर वर्षांमागे युरोप-अमेरिकेत त्यांचं मोठं नाव झालं होतं. पुढे २००९ मध्ये कॅनडातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सोबत्यांनी अशा वाक्यांची परीक्षा घेतली. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं, त्यांना "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" असं घोकून थोडं बरं वाटलं. ज्यांना स्वतःची किंमत वाटत नव्हती, त्यांना ते म्हटल्यावर उलट जास्त वाईट वाटलं. का, ते मी माझ्या समजुतीनं सांगते. तोंड एक म्हणतं, आतला माणूस म्हणतो "खोटं बोलू नको", आणि मग तो आपण कसे बिनकामाचे आहोत याचा हिशेबच मांडून बसतो. बाबांचा हिशेब तर पहिल्यापासून पक्का.

म्हणून खोटं गोड वाक्य नको. खरं, लहान आणि आजचं असं वाक्य हवं. "माझा पाय ठणठणीत आहे" हे खोटं. "काल पाय भिंतीवरच्या खुणेपर्यंत गेला होता, आज जरा पुढं नेतो" हे खरं. त्याच्याशी आतला माणूस भांडू शकत नाही.

आई, यातली खरी जाणकार तूच आहेस, पण तुला ते माहीत नाही. चुलीपाशी तू सारखी पुटपुटत असतेस. "आता अंबाडी निवडली, आता लसूण, मग फोडणी, झालं." आम्ही भावंडं तुला हसायचो. रशियात वायगॉट्स्की (१८९६–१९३४) म्हणून मोठे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी लिहिलं आहे की लहान मूल काम करताना आधी मोठ्यानं बोलतं, आणि पुढे तेच बोलणं आत जाऊन त्याचा विचार होतो. काम अवघड झालं की मोठी माणसंही पुन्हा ओठ हलवू लागतात. तेव्हा बाबांच्या व्यायामाच्या वेळी शेजारी बैस आणि तुझ्या चुलीपाशीच्या आवाजात सुरू कर: "टाच ओढा, अजून थोडी, धरा, आता सोडा." चार दिवसांनी तू गप्प राहा आणि त्यांना स्वतःच म्हणू दे.

आणखी एक. उपदेश कमी कर, विचारणं वाढव. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. त्यांचं कीर्तन आजोबांनी ऐकलं होतं. बाबांनीच मला सांगितलं आहे की गाडगेबाबा समोरच्या माणसाला आपल्या वऱ्हाडीत प्रश्न टाकायचे आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढायचे. आपल्या तोंडून निघालेलं उत्तर माणसाला मोडवत नाही. अमेरिकेत २०१० साली एका छोट्या प्रयोगात हेच वेगळ्या रीतीनं दिसलं. शब्दांचं कोडं सोडवायला बसण्याआधी काही जणांनी "मी हे करीन" असा विचार केला, काहींनी "मी हे करीन का?" असा. प्रश्न विचारणाऱ्यांनी कोडी जास्त सोडवली. तेव्हा "व्यायाम करा" म्हणण्याऐवजी "आज किती वाकवता?" असं विचार. बाबा आकडा सांगतील. आकडा सांगितला की ते मागे हटत नाहीत, कापसाच्या भावातही कधी हटले नाहीत.

बाबा, आता तुमच्यासाठी एक गंमत. स्वतःशी बोलाल तेव्हा "मी" म्हणू नका, नाव घेऊन बोला. मिशिगन विद्यापीठातले इथन क्रॉस आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये लोकांना फारशी तयारी करू न देता भाषणाला उभं केलं. ज्यांनी आधी मनात स्वतःला नावानं हाक मारून समजावलं, ते "मी, मी" करणाऱ्यांपेक्षा कमी घाबरले, भाषणही बरं झालं, आणि नंतर त्यांनी स्वतःला कमी बोल लावले. तुम्हाला हे नवं नाही. गुरुदेव सेवा मंडळात तुम्ही इतकी वर्षं खंजिरीवर तुकडोजी महाराजांची भजनं म्हटली. शेवटच्या कडव्यात महाराज स्वतःचंच नाव घेतात, "तुकड्यादास" म्हणून. आपल्या संतांची ही जुनी रीत आहे. सगळं सांगून झालं की स्वतःला जरा दूर उभं करून हाक मारायची. तुम्ही स्वतःला "बापू" म्हणा, आजी म्हणायची तसं. त्या नावानं तुम्हाला आता कोणी हाक मारत नाही, आणि त्या नावाच्या माणसाला "बेकार झाला" म्हणायला तुमची जीभ रेटणार नाही असं मला वाटतं.

हे सगळं लिहिलं म्हणून गोड बोलण्यानं सगळं होतं असं मी म्हणत नाही. सोयाबीनला भाव मिळाला नाही तर "मी आनंदी आहे" म्हणून सोसायटीचं कर्ज फिटत नाही. आपल्या भागात येऊन शेतकऱ्याला "सकारात्मक राहा" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, हे तुम्हाला माहीत आहे. स्वतःशी नीट बोलायचं ते एवढ्याचसाठी की जे आपल्या हातचं आहे ते हातून सुटू नये. तुमच्या हातात सध्या गुडघा आहे. बोंडअळी नाही, बाजारभाव नाही, मुलाची नोकरीही नाही.

आणि हे जरा नीट ऐका. झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, दिवसचे दिवस कशातच मन लागेना, किंवा "मेलेलं बरं" असं मनात घोळायला लागलं, तर तिथं स्वतःशी बोलणं पुरत नाही. तेव्हा मला फोन करा, नाहीतर १४४१६ ला. सरकारची टेलीमानस सेवा आहे, २०२२ पासून सुरू झाली, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, रात्री-बेरात्रीही उचलतात. आई, हा नंबर कॅलेंडरवर लिहून ठेव. तुझ्यासाठीसुद्धा. आजारी माणसाचं करता करता करणाऱ्याचाही जीव आंबतो, आणि तू तर सांगायचीही नाहीस.

तुमचा तो उखडलेला आवाज कानात आहे म्हणून इतकं लांबलं. रोज संध्याकाळी फोन करते तेव्हा "किती चाललात" हे मी विचारणार नाही, ते आई सांगतेच. बापूला आज काय म्हणालात तेवढं सांगा. शिवी दिली असेल तर तीही सांगा.

बाज फार खाली आहे, तिच्यावरून उठताना गुडघ्यावर सगळा भार येतो. चारही खुरांखाली एकेक वीट लावून घ्या, हलत नाही ना ते आधी पाहा. जेवायला खाली मांडी घालून बसू नका, मुकाट्यानं खुर्ची घ्या, गावात कोणी हसत नाही. पुढच्या शनिवारच्या एसटीनं येते. फाट्यावर घ्यायला येऊ नका, मी ऑटोनं येईन. आई, भाकरी करून ठेव, भाजी मी येऊन करते.

तुमची,
बेबी