आधी टाकाऊ कॅसेट उघडा

संपादक महोदय,

मुलांना व्हीसीआर दाखवायचा म्हटला की घरात हमखास लग्नाचीच कॅसेट शोधली जाते. नेमकी तीच आधी लावू नये. अनेक वर्षे बंद असलेल्या मशीनमधला रबरी पट्टा सैल किंवा चिकट झालेला असतो. मग फीत गुंडाळून घेणारे रीळ फिरत नाही आणि फीत आतच गुंतते. पहिली चाचणी बिनकामाच्या कॅसेटवर करावी. कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरट बुरशी दिसली तर ती कॅसेट मशीनमध्ये घालूच नये. बुरशी फीत वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते.

त्याही आधी मुलांच्या हाती एक टाकाऊ कॅसेट आणि स्टार स्क्रूड्रायव्हर द्यावा. कॅसेट पालथी करून पाच स्क्रू काढायचे. पण झाकण उचलण्यापूर्वी ती सुलट करायची, नाहीतर रिळे आणि बारीक स्प्रिंगा खाली सांडतात. अर्धा इंच रुंदीच्या या फितीच्या दोन्ही टोकांना पारदर्शक तुकडा असतो. तो कशासाठी, हे मुलांनाच ओळखू द्यावे. मशीनमधला दिवा कॅसेटच्या पोटातल्या भोकात शिरतो. त्याचा उजेड या तुकड्यातून आरपार जाऊन सेन्सरवर पडला की फीत संपल्याचे मशीनला कळते.

पॅल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीच्या मशीनमध्ये फीत सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर सरकते. तरी चित्र मावते, कारण तिरका बसवलेला ड्रम सेकंदाला २५ फेऱ्या मारतो आणि त्यावरची हेड तिरप्या रेघांत चित्र लिहितात. पॉज दाबले तरी ड्रम फिरतच राहतो आणि फीत एकाच जागी घासली जाते. मुले पॉज दाबणारच, पण तो फार वेळ ठेवू देऊ नये.

पडद्यावर मुंग्या आल्या तर प्रथम ट्रॅकिंग (हेड आणि फितीवरच्या रेघा जुळवणारे बटण) फिरवून पाहावे. तरीही गेल्या नाहीत तर हेड घाण झाले असे समजावे. कापसाच्या काडीने हेड पुसू नयेत, तंतू अडकून ती तुटतात. मशीनचे झाकण मुलांनी उघडू नये. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायमध्ये विद्युतभार उरतो.

नव्या टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल पिन लावायची सोय नसेल तर एव्हीचे (म्हणजे या तीन पिनांच्या सिग्नलचे) एचडीएमआय, म्हणजे नव्या टीव्हीच्या जोडणीचा सिग्नल, करणारा कन्व्हर्टर घ्यावा. उलट दिशेने चालणारा अगदी तसाच दिसतो, तो इथे चालत नाही.

आणि रेकॉर्डचे बटण मुलांच्या हाती देण्याआधी घरच्या कॅसेटच्या कडेवरची प्लास्टिकची छोटी पट्टी मोडून टाकावी. मग त्यावर रेकॉर्डिंग होत नाही. पुढे कधी करायचेच झाले तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की पुरते.

— व्हीसीआर दुरुस्त करणारा एक वाचक