विषय: ‘प्रोग्रामर’ म्हणून विकलेल्या बारा यूएसबी-सिरियल अडॅप्टरबद्दल तिसरी आणि शेवटची लेखी तक्रार

व्यवस्थापन आणि तक्रार निवारण अधिकारी यांस,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी पाचव्यांदा बोलले. फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले. आधीच्या दोन ई-मेलना यंत्रानं पाठवलेली पोच सोडून काहीही उत्तर आलेलं नाही.

या अडॅप्टरमधल्या, यूएसबीचं सिरियलमध्ये रूपांतर करणाऱ्या सीपी२१०२ चिपची ओळख तुम्हाला करून द्यायला नको. तुमच्या संकेतस्थळावर या अडॅप्टरचं वर्णन ‘आर्डुइनो प्रो मिनी प्रोग्रामर’ असं आहे. प्रो मिनी या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर यूएसबी नसतं, म्हणूनच तो कॉम्प्युटरला जोडायला माणूस असा अडॅप्टर विकत घेतो. प्रोग्राम चढवताना बोर्डावरचा मायक्रोकंट्रोलर, एटमेगा३२८पी, नेमक्या क्षणी रिसेट व्हावा लागतो आणि तो इशारा अडॅप्टरच्या डीटीआर नावाच्या पिनेतून यायचा असतो. प्रो मिनीवर त्यासाठी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही बसवलेला असतो. तुमच्या बाराही अडॅप्टरवर सहा पिना आहेत: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, टीएक्स (माहिती पाठवायची), आरएक्स (माहिती घ्यायची), ग्राउंड आणि ‘आरएसटी’ (रिसेट). डीटीआर नाही.

‘आरएसटी’ म्हणजेच ते असेल असं मीही आधी समजले. मग मल्टिमीटर लावला. ती पिन चिपच्या ९ नंबरच्या पिनेला जाते, म्हणजे तिनं अडॅप्टर स्वतःच रिसेट होतो, समोरचा बोर्ड नाही. डीटीआर २८ नंबरला आहे आणि तिथून एकही रेघ बाहेर काढलेली नाही. चिपमध्ये सोय असताना ती पिनेपर्यंत आणलीच नाही आणि त्या जागी दिशाभूल करणारं नाव छापलं.

मी कोरेगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या मुलांचा रविवारचा वर्ग घेते, शाळेचा निधी नाही, पैसे माझे. अडॅप्टरचे १,९८० रुपये माझ्या पगारातले आहेत. ही रक्कम तुम्हाला किरकोळ वाटत असेल, मला वाटत नाही. पहिल्या रविवारी बारा मुलांच्या पडद्यावर एकच ओळ आली, ‘नॉट इन सिंक’, म्हणजे बोर्डाशी संपर्क जुळला नाही. मग आम्ही बोटानं रिसेट दाबून धरायला लागलो. पडद्यावर ‘अपलोडिंग’ दिसलं की बोट काढायचं. जरा लवकर किंवा जरा उशिरा काढलं तरी सगळं पहिल्यापासून, कारण बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्राम चढवून घेणारा बोर्डावरचा छोटा प्रोग्राम, क्षणभरच वाट पाहतो. एका मुलीला वडिलांच्या आल्याच्या शेतासाठी मातीचा ओलावा मोजणारं यंत्र करायचं होतं. तिनं सतरा वेळा प्रयत्न केला आणि मला विचारलं, “बाई, माझंच काही चुकतंय का?” चूक तिची नव्हती, तुमची होती. तिला तसं वाटलं याचा राग माझ्या मनातून जात नाही.

आता आजचा फोन. तो तुम्ही रेकॉर्ड करता असं सुरुवातीलाच सांगितलं जातं, तेव्हा काढून ऐका. बावीस मिनिटं वाट पाहिल्यावर तुमच्या तांत्रिक विभागाचा माणूस आला. मी पिनांच्या नंबरांसकट सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मॅडम, ड्रायव्हर टाका.” ड्रायव्हर आहे, पोर्ट दिसतोय, सिरियल मॉनिटर चालतोय, असं सांगितलं. त्यावर तो म्हणाला, “घरात कोणी इंजिनियर आहे का? त्यांना फोन द्या ना.” एकोणीस वर्षं वीज आणि चुंबकत्व शिकवते आहे. तरी शांतपणे म्हटलं, माझ्याशीच बोला. तेव्हा त्यानं उपाय सांगितला, “आरएसटीला आरएसटी जोडा, होऊन जाईल.” असं केल्यावर काय होणार हे मला ठाऊक होतं. तरीही फोन स्पीकरवर ठेवून, शिकवणीला आलेल्या चार मुलांसमोर जोडलं. प्रो मिनीचं बटण दाबताच अडॅप्टरची चिपच रिसेट झाली, यूएसबी सुटल्याचा आवाज आला आणि पोर्ट यादीतून गायब. हे त्याला सांगितलं, तर म्हणतो, “मग तुमचा कॉम्प्युटर खराब आहे.” मी विचारलं, डीटीआर कुठे आहे ते सांगा. तो म्हणाला, “एवढ्या लहान मुलांना हे अवघड कशाला शिकवता? आधी एलईडी लावायला शिकवा.” हे माझ्या मुलांनी ऐकलं. शेतकऱ्यांची पोरं आहेत ती, स्वतःच्या हातानं पंपाचा स्टार्टर खोलतात. त्यांनी काय शिकावं हे ठरवायचा अधिकार त्या माणसाला कोणी दिला?

उपाय आम्हीच शोधला होता. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून इनॅमलची बारीक तार आणली. ‘आरएसटी’ पिनेपासून चिपच्या ९ नंबरकडे जाणारी तांब्याची रेघ पात्यानं कापली. मग तारेचं टोक खरवडून २८ नंबरला डाग दिला आणि दुसरं टोक मोकळ्या झालेल्या पिनेवर आणलं. चिप पाच मिलिमीटर चौरस आहे, तिला पाय नाहीत, कडेला फक्त अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरवर चकचकीत ठिपके. २८ नंबर कोपऱ्यात आहे म्हणून निभावलं, तरी सोल्डर शेजारच्या २७ नंबरवर सांडतं. भिंगाखाली एकेका अडॅप्टरला पाऊण तास लागला. आठ व्यवस्थित चालतात, एकदाही बोट लावावं लागत नाही. तीन कामातून गेले. एक मुद्दाम तसाच ठेवला होता, आज फोनवर जोडला तो हाच.

कामातून गेलेल्या तिघांचे फोटो पाठवले, तर तुमच्या माणसानं फोनवर सांगितलं की ग्राहकानं छेडछाड केली, वॉरंटी संपली. मी हात लावण्याआधी त्यांनी प्रो मिनीला रिसेट केलं असतं, तर मला पातं उचलायची गरजच पडली नसती. जी पिन ‘प्रोग्रामर’वर असायलाच हवी ती नाही, आणि तिच्या जागी ‘आरएसटी’ छापलंय. हे पुन्हा लिहिते आहे, कारण पाच फोनमध्ये एकानंही ते ऐकून घेतलं नाही.

सात वर्षं मी तुमच्याकडूनच रेझिस्टर, ब्रेडबोर्ड, सेन्सर मागवत आले. आसपासच्या तीन शाळांतल्या शिक्षकांना तुमचंच नाव सांगितलं. आज त्यांना फोन करून माझी शिफारस मागे घेतली आहे. हे करताना वाईट वाटलं.

मला बाराही अडॅप्टरचे पूर्ण पैसे परत हवेत, खराब झालेल्या तिघांसकट. संकेतस्थळावरून ‘प्रो मिनी प्रोग्रामर’ हे शब्द काढा, किंवा डीटीआर बाहेर काढलेला माल विका. आणि त्या फोनबद्दल लेखी माफी हवी, माझ्या नावे नव्हे, वर्गाच्या नावे. मुलांना मी ती वाचून दाखवणार आहे.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. माझ्या पहिल्या ई-मेलला उद्या महिना पूर्ण होतो. परवा सकाळी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवेन. तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या कायद्यानं मला माझ्याच जिल्ह्यात दावा लावता येतो आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही.

पावती, तुमच्या पानाची छायाचित्रं आणि कापलेल्या रेघेचे भिंगाखालचे फोटो सोबत जोडले आहेत.

एक ग्राहक, विज्ञान शिक्षिका
कोरेगाव तालुका, जिल्हा सातारा