पशुसंवर्धन मंत्र्यांना खुलं पत्र: पेंडीच्या पोत्यावर अफ्लाटॉक्सिनचा आकडा छापायला लावा

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य

नमस्कार साहेब,
मी दूध उत्पादक आहे आणि दुधाच्या दरासाठी नाही तर पेंडीतल्या बुरशीसाठी लिहितोय.

१९६० ला इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले, कारण कळेना, शेवटी ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत बुरशीचं विष सापडलं, तेच अफ्लाटॉक्सिन. मग तसली पेंड उंदरांना खायला घातली तर त्यांना लिव्हरचा कॅन्सर झाला. त्याच सुमारास अमेरिकेत हॅचरीतल्या ट्राउट माशांना लिव्हरच्या गाठी व्हायला लागल्या, त्यांच्या खाद्यात सरकी पेंड होती. शेंगदाणा आणि सरकी, दोन्ही आपल्या गोठ्यातल्याच की हो! १९७४ ला तर मोजून टेस्ट झाली, खाद्यात १०० पीपीबी म्हणजे दहा टनात एक ग्रॅम बी१ (अफ्लाटॉक्सिनचा सगळ्यात विषारी प्रकार), तेवढ्यात २८ पैकी २८ उंदरांना गाठी झाल्या आणि १५ पीपीबीला सुद्धा २१ पैकी ४ ना. त्याच वर्षी राजस्थान-गुजरातच्या बांसवाडा-पंचमहाल भागात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं गेली. अजून कसला पुरावा पाहिजे?

गायीने असलं खाद्य खाल्लं की एका दिवसात दुधात एम१ (गायीच्या शरीरात बी१ पासून बनणारं विष) उतरायला लागतं, आणि दूध कितीही उकळा, ते जात नाही. एफएसएसएआयच्या (केंद्राची अन्न सुरक्षा संस्था) २०१८ च्या दूध सर्वेत ६,४३२ सॅम्पलपैकी ३६८ मध्ये ते लिमिटच्या वर निघालं, त्यात पिशवीचं दूधपण होतं. चांगली गोष्ट एवढीच की खाद्य बदललं तर तीन-चार दिवसात दूध साफ होतं, म्हणजे इलाज आहे, फक्त कुठलं पोतं खराब ते कळलं पाहिजे.

आणि तेच आम्हाला कळत नाही. आमच्या दुधाचं फॅट-एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन घटक) रोज दोन वेळा मशीनवर लागतं, पॉइंट कमी आला की पैसे कापतात, पण गोळी पेंडीच्या पोत्यावर प्रोटीन छापलेलं असतं, बी१ चा आकडा नसतो. बीआयएसचं (मानकं ठरवणारी सरकारी संस्था) खाद्यातल्या बी१ साठी २० पीपीबीचं लिमिट आहे ना, मग प्रत्येक बॅचचा रिपोर्ट पोत्यावर छापणं सक्तीचं करा, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात टेस्ट किट द्या, निदान पावसाळ्यात तरी, कारण तेव्हा गोडाऊनमधला माल दमट होतो आणि बुरशी धरतो. किटचा खर्च खाद्य कंपन्यांकडून घ्या, शेतकऱ्याच्या दुधाच्या बिलातून कापू नका.

आपला,
एक दूध उत्पादक