आमंत्रणात खरं तेच लिही

पुणे, ऑगस्ट

प्रिय सुहास,
सप्रेम सलाम.

ब्रिटनमधलं कोरं करकरीत कॅम्पस, पहिलीच बॅच, आणि तिथे विद्यार्थ्यांमध्ये सुवार्तेचं, म्हणजे येशूची ओळख करून देण्याचं काम कसं सुरू करायचं, असं तू विचारलंस. उत्तर लांबलचक आहे, सवडीने वाच.

पहिलं काम विमानात बसायच्या आधीचं. विद्यापीठाच्या मुख्य कॅम्पसवर ख्रिश्चन युनियन, म्हणजे ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा गट आहे का, ते स्टुडंट्स युनियनच्या (विद्यार्थी संघाच्या) सोसायट्यांच्या, म्हणजे विद्यार्थी मंडळांच्या यादीत बघ. असली तर वेगळी चूल मांडू नकोस. तिची शाखा म्हणून सुरुवात केलीस तर नियमावली, खातं, खोल्यांचं बुकिंग सगळं आयतं मिळण्याची शक्यता असते. नसली तर यूसीसीएफला लिही. तिकडच्या ख्रिश्चन युनियन्सच्या पाठीशी उभी असलेली ही जुनी संस्था. ती आणि भारतातली आपली ख्रिस्ती विद्यार्थी संघटना यूईएसआय, दोन्ही आयएफईएस या १९४७ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सभासद आहेत. त्यामुळे इथल्या वडीलधाऱ्यांकडून ओळखीची चार ओळींची चिठ्ठी घेऊन जा, उपयोगी पडते.

कॅम्पसपासून चालत जाता येईल अशा दोन-तीन मंडळ्या, म्हणजे चर्चेस, शोध. त्यांच्याकडे वक्ता मागू नकोस; स्वयंपाकघर, खुर्च्या, आणि रविवारी परदेशी पोरांना जेवायला बोलावणारी घरं माग. वक्ते कुठेही मिळतात रे.

स्टुडंट्स युनियनकडे गटाच्या नोंदणीची घाई करू नकोस. आधी दोघं-तिघं मिळून आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, अर्धा तास प्रार्थनेला बसा. आपल्या प्रेयर सेलसारखंच. वेळ मात्र पुण्याच्या हिशेबाने ठरवू नकोस. नव्या कॅम्पसवर हॉस्टेलं कमी आणि येऊन-जाऊन करणारे जास्त असले, तर पाचनंतर शुकशुकाट होतो. तिथे दुपारची जेवणाची वेळच चालते. बुधवारची दुपार बऱ्याच ब्रिटिश विद्यापीठांत खेळांसाठी मोकळी ठेवतात. खेळणारे तेव्हा सापडत नाहीत, बाकीचे सापडतात.

महिनाभर हे टिकलं की नोंदणीची कागदपत्रं. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि ठरावीक संख्येने सभासदांच्या सह्या लागतात; आकडा प्रत्येक स्टुडंट्स युनियनचा वेगळा. अडतं ते एकाच कलमावर. सभासदत्व सगळ्या विद्यार्थ्यांना खुलं हवं, असा स्टुडंट्स युनियनचा आग्रह असतो, आणि समितीने तरी विश्वासाच्या निवेदनावर सही करावी, असं ख्रिस्ती गटांना वाटतं. या कलमाची भाषा यूसीसीएफच्या कार्यकर्त्याकडून तपासून घे, स्वतः रचत बसू नकोस. बाहेरचा वक्ता बोलवायचा तर वेगळा फॉर्म आधीच भरावा लागतो, म्हणून पाळकसाहेबांना शब्द देण्यापूर्वी त्याची मुदत विचार. वर्गणी स्वतःच्या खात्यात कधीही घेऊ नकोस, दहा पौंडसुद्धा.

व्हिसाचं एक. डिग्रीच्या स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तास काम करता येतं, आणि त्यात बिनपगारी कामही धरलं जाऊ शकतं. सोसायटीत हौसेने वेळ देणं वेगळं. पण एखाद्या मंडळीने ठरावीक तास आणि जबाबदाऱ्या लेखी दिल्या, तर सही करण्यापूर्वी विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराला कागद दाखव.

आता मुद्द्याचं. १८९० साली पुण्यातल्या पंच हौद मिशनमध्ये काय झालं ते तुला माहीत आहेच. गोपाळराव जोश्यांनी पुण्यातल्या मातब्बरांना व्याख्यानाला नेलं, चहा-बिस्किटं पुढे आली, आणि नंतर उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात छापून आली. मिशनऱ्यांकडचा चहा घेतला म्हणून रानडे, टिळक सगळेच प्रायश्चित्ताच्या वादात सापडले. त्यात दोन गोष्टी घातक ठरल्या, आणि परक्या देशातही त्याच घातक ठरतात: कशासाठी बोलावलंय हे आधी न सांगणं, आणि आलेल्यांची यादी बाहेर जाणं.

म्हणून पोस्टरवर 'इंटरनॅशनल फ्रेंडशिप इव्हनिंग' असं गुळमुळीत लिहून आत प्रवचन ठेवू नकोस. 'ख्रिश्चन युनियनतर्फे जेवण, नंतर १५ मिनिटं मार्कच्या शुभवर्तमानावर बोलणं, नको असेल तर जेवून निघालात तरी चालेल' असं स्वच्छ लिही. पाच कमी येतील, पण येतील ते पुन्हा येतील. केटल, गादी, जॅकेट, डॉक्टरकडे नावनोंदणी, बँकेचं खातं यात मदत करशील, तेव्हा त्या मदतीला सभेचं शेपूट लावू नकोस. नव्याने आलेला विद्यार्थी एकटा आणि गरजू असतो. उपकाराच्या ओझ्याखाली तो मान डोलावतो आणि आपल्याला वाटतं, प्रभू काम करतोय.

यादीचंही तसंच. काही देशांतून आलेल्यांचं नाव किंवा फोटो ख्रिस्ती सभेशी जोडला गेला तर घरच्यांना त्रास होतो. ग्रुप फोटो इन्स्टाग्रामवर टाकायची घाई नको. एकेकाला विचार, आणि 'हो' म्हणायला वेळ दे. धर्माविषयीची माहिती तिकडच्या कायद्यात विशेष जपायची समजली जाते. फॉर्मवर नाव, ईमेल आणि 'मला निरोप पाठवा' ही आधीपासून टिक न केलेली चौकट, बस. कागदी यादी टेबलावर उघडी ठेवू नकोस, मागचा पुढच्याचं नाव वाचतो. आणि व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये कोणालाही न विचारता घालू नकोस, तिथे सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात.

फ्रेशर्स फेअर, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांसाठी सोसायट्यांची जत्रा, बहुधा सप्टेंबरच्या शेवटी-शेवटी असते. टेबलाच्या मागे बसायचं नाही, पुढे उभं राहायचं, दोघांनी, तासातासाच्या पाळीने. ज्याने फॉर्म भरला त्याला त्याच संध्याकाळी निरोप जायला हवा, कारण त्याने आणखी दहा सोसायट्यांत नाव दिलेलं असतं. आपले मास्टर्सवाले बरेचजण जानेवारीत येतात. सगळा जोर सप्टेंबरात संपवलास तर नेमके तेच सुटतील.

खाण्यात माणसं नकळत दुखावली जातात. तिकडच्या जेली स्वीट्समध्ये आणि मार्शमेलोत बहुधा जिलेटिन असतं. हलालवाला, शाकाहारी, दोघंही अडकतात. पाकीट फाडून बशीत ओतू नकोस, लेबलासकट ठेव. शाकाहारी भाजीचा डाव वेगळा. डाळ-भात-भाजी शिजवलीस तर बहुतेकांचं भागतं, कांदा-लसूण न खाणाऱ्यासाठी थोडं आधी काढून ठेव.

बायबल अभ्यासाला सहा ते आठजण. नऊ झाले की दोन गट. मार्क घे, सहा आठवडे (अध्याय:ओव्या): २:१-१२, ४:३५-४१, ५:२१-४३, ८:२७-३८, १५:२१-३९, १६:१-८. उतारा सोप्या इंग्रजीत ए-फोरच्या एका बाजूला छापून दे. पुस्तक दिलंस की जाणकार झटकन पान काढतो आणि नवखा अनुक्रमणिका चाळत बसतो, तिथेच दोन जाती पडतात. तीन प्रश्न पुरे: काय घडतंय, कशाचं आश्चर्य वाटतं, येशू इथे कोण म्हणून दिसतो? प्रश्न विचारून मनात दहा अंक मोज, उत्तर स्वतः देऊ नकोस. 'तारण', 'कोकरा', 'रक्ताने विकत घेतलेले' हे शब्द त्यांनी विचारल्याशिवाय नकोत. कोणावरही मोठ्याने वाचायची पाळी लादू नकोस. दुसऱ्या अध्यायात चौघं छप्पर उकरून पक्षाघाती माणसाला खाली सोडतात. धाब्याचं घर पाहिलेल्या आपल्या माणसाला ते लगेच कळतं, कौलांखाली वाढलेल्या इंग्रज पोराला चित्र काढून दाखवावं लागतं. ४५ मिनिटांत संपव. रंगात आलं असेल तरी संपव, बस गाठायची असते.

मोडतं कुठे? एक, स्वयंपाकघरात मराठी-मल्याळी सुरू झालं की बाकीचे पुढच्या वेळी येत नाहीत. दोन, गट हळूहळू मंडळी बनायला लागतो. बाप्तिस्मा, प्रभुभोजन तिथे नको; ते मंडळीचं, आणि कोणत्या पद्धतीने यावरून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), पेंटेकॉस्टल, कॅथलिक अशा वेगवेगळ्या पंथांची जुंपेल. तिसरं सगळ्यात नेहमीचं: मास्टर्स एक वर्षाचं, मे महिन्यात परीक्षा, मग प्रबंध, आणि सप्टेंबरात चालवणारा कोणीच उरत नाही. नवी समिती ईस्टरच्या आत निवड आणि जुनीने तिच्यासोबत सत्र संपेपर्यंत काम करावं. शक्य तर पदवीच्या पहिल्या वर्षाची दोन पोरं तरी त्यात घे, ती तीन वर्षं राहतात.

कोणी फारच खचलेला वाटला तर प्रार्थना कर, पण तेवढ्यावर सोडू नकोस. विद्यापीठाच्या वेलबीइंग सेवेकडे सोबत जा, जिवाला धोका वाटला तर ९९९ या तिकडच्या आपत्कालीन नंबरवर फोन कर. 'कोणालाही सांगणार नाही' असं वचन देऊ नकोस. एकेकट्याशी बोलायचं तर कॅन्टीनमध्ये, खोलीत नाही.

मार्कचे सहाही कागद प्रश्नांसकट या आठवड्यात टाईप करून पाठवतो. तुझं टाईमटेबल हाती आलं की कळव, वेळ ठरवता येईल. काकूंना सलाम सांग, आणि त्यांनी दिलेली गोडा मसाल्याची पुडी सामानात ठेव, डाळीला लागेल.

तुझा,
प्रकाश