आयटी पार्कच्या नकाशात बसायला जागा ठेवा

माननीय संपादक महोदय,

खान्देशात आयटी उद्योग यावा, येथील मुलांना पुण्याची वाट धरावी लागू नये, ही मागणी रास्तच आहे. मात्र चर्चा जमीन, वीज आणि करसवलतींवर थांबते. त्या इमारतींत बसणारी माणसे एकमेकांकडून शिकणार कशी, हे कोणी विचारत नाही.

मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिक चटईच्या कारखान्यात देखभालीचे काम पाहतो. एका पावसाळ्यात चटई विणायची आमची प्लॅस्टिकची पट्टी सारखी तुटत होती. तापमान बदलून पाहिले, वितळलेले प्लॅस्टिक गाळणारी जाळी बदलली, गुण आला नाही. शेजारच्या कारखान्यातील ऑपरेटरने चहाच्या टपरीवर ते तुटलेले टोक उजेडात धरले, त्यातला टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा दाखवला आणि म्हणाला, “भाऊ, दाणा ओला आहे, आधी वाळवा.” धुतलेल्या प्लॅस्टिक भंगाराच्या दाण्यात ओल राहते, हे पुस्तकात असते, पण तो बुडबुडा ओळखायला मी त्याच्याकडून शिकलो. आमचे मालक एकमेकांचे स्पर्धक होते, तरी भुसावळहून आम्ही वर्षानुवर्षे एकाच गाडीने येत असल्याने त्याने हातचे राखले नाही.

एखादा धंदा एका ठिकाणी एकवटला की त्याची गुपिते जणू हवेतच असतात, असे अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच लिहिले होते. अमेरिकी अभ्यासक ॲनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ मध्ये तेथील सिलिकॉन व्हॅली या तंत्रज्ञान-उद्योगाच्या पट्ट्याची बोस्टनजवळच्या ‘रूट १२८’ या तशाच पट्ट्याशी तुलना केली, तेव्हा व्हॅलीतील प्रतिस्पर्धी कंपन्यांचे अभियंते आपसांत मोकळेपणाने बोलतात आणि सहज नोकऱ्या बदलतात, तर बोस्टनकडच्या कंपन्या आपापल्या कुंपणात राहतात, हा फरक त्यांनी ठळकपणे मांडला.

नुसती भिंतीला भिंत लागून असणे मात्र पुरत नाही, ओळख आणि भरवसा लागतो. उलट सगळेच एका गावचे, एका नात्यातले असले, तर एकाची चूक सर्वांची होऊन बसते. म्हणून पुण्याहून परतलेली, वेगळे काम पाहिलेली माणसेही त्यात हवीत. घरून काम करणाऱ्या धुळे-नंदुरबारच्या नवख्या मुलांची मला विशेष काळजी वाटते. त्यांना काम मिळते, पण अडल्यावर शेजारच्या खुर्चीत विचारायला कोणी नसते.

तेव्हा नियोजनकर्त्यांना विनंती की, प्रत्येक कंपनीला स्वतंत्र फाटक देण्याआधी सर्वांसाठी एक उपाहारगृह, एक सामायिक चाचणी प्रयोगशाळा आणि संध्याकाळी उघडी राहणारी एक बैठकखोली नकाशात दाखवावी, आणि तेथे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनाही मुक्त प्रवेश असावा.

आपला,
एक वाचक, भुसावळ